नकाशाच्या घडीखालचा देश

गेल्या पालकसभेच्या दिवशीं एका सद्गृहस्थांनीं आम्हांस मोठ्या आपुलकीनें एक प्रश्न विचारला. ते म्हणाले, "सर, मुलींचीं शिक्षणें व्हावयाचीं आहेत, घराचे हप्ते फिटावयाचे आहेत; असें असतां आपण पदरचे पैसे खर्चून परदेशीं जातां, तें कशासाठीं? आमचा मुलगा घरीं येऊन तिकडच्या गोष्टी सांगतो, म्हणून विचारलें." प्रश्नांत टोमणा मुळींच नव्हता. तरी त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर सुचलें नाहीं. हंसून दुसरा विषय काढला आणि वेळ मारून नेली. पुढें या वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला, तेव्हां स्मरण झालें कीं, त्या सद्गृहस्थांचें एक उत्तर आमच्याकडे बाकी आहे. तें येथें देतों. विद्यार्थी मित्रांनींही तें वाचावें, कारण या उत्तराचा मोठा भाग त्यांच्याचसारख्या एका मुलाशीं निगडित आहे.

प्रथम हिशेब सांगावा हें बरें. बावीस वर्षांच्या नोकरींत आम्ही देशाबाहेर तीनच वेळां गेलों: पहिल्यानें नेपाळांत, नंतर श्रीलंकेंत आणि शेवटीं जॉर्जिया देशांत. शिक्षकांच्या पतपेढींत दरमहा थोडी रक्कम टाकीत गेलें, नाताळची खरेदी आंखडती घेतली आणि जुनी मोटारसायकल आणखी पांच वर्षें चालविली, म्हणजे सहासात वर्षांतून एखादा प्रवास साधतो. परदेशांतून आम्हीं कधीं अत्तराच्या बाटल्या आणल्या नाहींत, कीं उंची हॉटेलांत बिऱ्हाड केलें नाहीं. प्रवासांत पोट बिघडतें, पाय दुखतात, घरची आठवण येते आणि परत आल्यावर पुढचे चार महिने किराणा दुकानदारापुढें मान खालीं घालून उभें राहावें लागतें. इतकें असूनही पतपेढीचें पुस्तक पुन्हां थोडें भरूं लागलें कीं आमचा हात आपोआप नकाशाकडे जातो. असें कां होतें तें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

आमचें बालपण मिशनच्या आवारांत गेलें. वडील तेथील बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचें काम पाहात. जेवणघराच्या भिंतीवर जगाचा एक जुना, कापडावर चिकटविलेला नकाशा टांगलेला असे. उन्हाळ्याच्या सुटींत तो घड्या घालून कपाटांत ठेवीत आणि जून महिन्यांत पुन्हां बाहेर काढीत. वर्षानुवर्षें असें झाल्यामुळें उभी व आडवी घडी जेथें मिळे, तेथें कागद झिजून रुपयाएवढें भोंक पडलें होतें. भोंकाच्या एका बाजूस काळा समुद्र दिसे, दुसऱ्या बाजूस कास्पियन समुद्र दिसे. मध्यें कापडाचे नुसते दोरे. एके दिवशीं भाकरी खातां खातां आम्हीं वडिलांना विचारलें, "आबा, येथें काय आहे?" वडिलांचें शिक्षण चौथीपर्यंत झालेलें. ते नकाशाजवळ गेले, भोंकावर बोट ठेवून क्षणभर पाहात राहिले आणि म्हणाले, "कांहीं तरी असेलच कीं. देवानें तेवढीच जागा रिकामी कशाला ठेवली असती? तूं मोठा झालास म्हणजे जाऊन बघ, आणि मला येऊन सांग."

तें सांगणें राहून गेलें. आमचा पहिला पासपोर्ट हातीं पडला, त्याच्या आधीं तीन वर्षें वडील प्रभूमध्यें निजले होते.

नेपाळांत जाण्यास भारतीयांना पासपोर्ट लागत नाहीं. म्हणून आमचा पहिला प्रवास तिकडचा झाला. बिहारांतील रक्सौल स्टेशनावर उतरून सीमेवरचा पूल ओलांडला कीं बीरगंज लागतें. पाट्या देवनागरींत, डाळभात ओळखीचा, चेहरे ओळखीचे. परदेश नेमका कोठें सुरू झाला हेंच कळेना. तें कळलें घड्याळावरून. नेपाळचें घड्याळ आपल्या पुढें पंधरा मिनिटें असतें. भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटें पूर्व रेखांशावरून ठरविलेली आहे आणि नेपाळची ८६ अंश १५ मिनिटें रेखांशावरून. फरक पावणेचार अंशांचा. एका अंशास चार मिनिटें, म्हणून पावणेचार अंशांस पंधरा मिनिटें. हें गणित आम्हीं फळ्यावर किती वेळां सोडविलें असेल, त्याची गणती नाहीं. परंतु पूल ओलांडून रस्त्याच्या कडेला उभे राहिलों आणि स्वतःच्या मनगटावरचा कांटा पंधरा मिनिटें पुढें सरकविला, तेव्हां पहिल्याच वेळीं वाटलें कीं, आपण मुलांना सांगत होतों तें खरेंच आहे! शिक्षकाला असें वाटावें ही थोडी लाजेची गोष्ट आहे. पण ती खरी आहे. पुस्तकांतून मिळालेलें ज्ञान उसन्या पैशासारखें असतें. आम्ही तें बावीस वर्षें वाटतों आहों. त्यांतलें थोडें तरी स्वकष्टार्जित असावें, हें आमच्या प्रवासाच्या आवडीचें पहिलें कारण होय.

श्रीलंकेला आम्ही एका प्रवासी मंडळीबरोबर गेलों होतों. बरोबर मराठी बोलणारा वाटाड्या, जेवण आपल्याच पद्धतीचें. त्यामुळें देश पाहिला, पण देशाशीं गांठ पडली नाहीं. तेव्हां ठरविलें कीं, पुढचा प्रवास एकट्यानें करावयाचा.

आतां दुसऱ्या कारणाकडे वळतों. तें सांगणें आम्हांस सोपें नाहीं.

नोकरीच्या आरंभीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं शिकवीत होतों. तेथील वसतिगृहांत सातपुड्याच्या डोंगरांतून, धडगांवच्या बाजूकडून, एक मुलगा पांचवीच्या वर्गांत आला. त्याच्या घरची भाषा पावरी. बाजारची मराठी त्याच्या कानांवरून गेलेली होती, परंतु पुस्तकांतली मराठी त्यास सर्वस्वीं परकी होती. आम्हीं प्रश्न विचारला कीं तो उभा राही आणि आमच्या तोंडाकडे पाहात राही. उत्तर नाहीं, हालचाल नाहीं. आम्ही तरुण होतों, पदवीची मिजास ताजी होती, आणि अभ्यासक्रम वेळेवर संपविणें हेंच आमच्या मतें अध्यापन होतें. एकदां तो असाच उभा राहिला असतां आम्ही म्हणालों, "हा खांब वर्गांत कोणीं आणून रोवला?" वर्ग खदखदून हंसला. दुसऱ्या दिवसापासून मुलें त्यास "खांब" म्हणूं लागलीं. आम्हीं तें ऐकलें आणि थांबविलें नाहीं.

दिवाळीच्या सुटींत तो घरीं गेला तो परत आला नाहीं. हजेरीपटावर जानेवारीपर्यंत त्याच्या नांवापुढें गैरहजेरीच्या खुणा पडत राहिल्या. मग नांवावर लाल रेघ ओढली गेली. ती रेघ आमच्याच हातची होती. तेव्हां मनाला कांहीं लागलें होतें असें लिहितां आलें असतें तर बरें वाटलें असतें. पण खरें सांगावयाचें तर त्या वेळीं कांहींच वाटलें नाहीं.

सन २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही जॉर्जियास गेलों. हा देश निवडला तो केवळ त्या भोंकामुळें. क्षेत्रफळ सुमारें ६९,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहूनही कमी. लोकवस्ती सुमारें सदतीस लक्ष. उत्तरेस कॉकेशस पर्वताची हिमाच्छादित भिंत, पश्चिमेस काळा समुद्र. तेथील लोक आपल्या देशाला साकार्त्व्हेलो म्हणतात आणि भाषेला कार्तुली. संस्कृत, फारसी, इंग्रजी, रशियन या सर्व एका मोठ्या कुळांतल्या भाषा. कार्तुलीचें त्या कुळाशीं नातें नाहीं. तिच्यांत लिंगभेद नाहीं, त्यामुळें आपल्या "तो, ती, तें" या तिघांचें काम तेथें एकच शब्द करतो. आमच्या व्याकरणाच्या तासाला बसणाऱ्या मुलांना हें ऐकून त्या देशांत जाऊन राहावेंसें वाटेल! आणखी एक गंमत म्हणजे तेथें "मामा" या शब्दाचा अर्थ बाप असा होतो आणि आईला म्हणतात "देदा". लिपी स्वतंत्र आहे. अक्षरें तेहतीस, सगळीं वाटोळीं आणि वळणदार, द्राक्षाच्या वेलीच्या ताण्यांसारखीं. पाहावयास फार सुंदर. पण वाचतां येईल तर शपथ!

राजधानी तिब्लिसी ही म्त्क्वारी नदीच्या दोन्ही कांठांवर वसली आहे. तेथून सुमारें वीस किलोमीटरांवर म्त्स्खेता नांवाचें प्राचीन नगर आहे. चौथ्या शतकांत संत निनो हिच्या उपदेशानें राजा मिरियान ख्रिस्ती झाला, तेव्हां राजधानी तेथें होती. तें नगर पाहावें म्हणून आम्ही सकाळीं दिदुबे नांवाच्या गाडीतळावर गेलों. तेथून "मार्शरूत्का" सुटतात. आपल्याकडच्या वडाप जीपांची ती थोरली बहीण समजावी. तळावर पन्नास गाड्या आणि प्रत्येकीच्या कांचेवर त्या वेलबुट्टींत लिहिलेली पाटी. खिशांत फोन होता. परंतु तिकडचें सिमकार्ड घेण्यांत आम्हीं काटकसर केली होती, म्हणून त्याचा उपयोग घड्याळापुरताच. नगराच्या नांवांत आरंभींच तीन व्यंजनें एकमेकांना चिकटलेलीं. तीं आमच्या जिभेवर कांहीं केल्या जुळेनात. एका चालकाला आम्हीं "मछेता?" असें विचारलें. त्यानें काय ऐकलें देव जाणे. मान हालवून दार उघडलें.

अर्ध्या तासानें एका अंगास उंच टेकडीवर दगडी चर्च दिसलें आणि दुसऱ्या अंगास, नदीपलीकडे, मोठ्या प्रार्थनामंदिराचा उंच निमुळता कळस दिसला. चित्रांत पाहिल्यामुळें दोन्ही ओळखीचीं होतीं. हेंच म्त्स्खेता! आम्ही पिशवी सांवरून उठलों. गाडी मात्र थांबेना. हमरस्त्यानें ती वेगानें पुढें निघाली आणि कळस मागें मागें जाऊं लागला. आम्ही चालकाला हांक मारली. त्यानें मान वळवून कांहीं विचारलें. आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहात राहिलों. त्यानें पुन्हां तेंच, अधिक मोठ्यानें विचारलें. कळत नसणाऱ्या माणसाला मोठ्यानें बोललें म्हणजे कळतें, ही समजूत सर्व देशांत सारखीच दिसते. आम्हीं स्वतः वर्गांत ती किती वर्षें पाळली आहे. सगळी गाडी आमच्याकडे पाहूं लागली. मागच्या बाकावर दोन तरुण हंसले. ते कदाचित् आपसांतल्या एखाद्या गोष्टीस हंसले असतील. परंतु आमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. छत टेकूं नये म्हणून मान वांकवून, दांड्याला धरून, हातांत पिशवी घेऊन आम्ही गाडीच्या मध्यभागीं उभे होतों. दोन पदव्या, बावीस वर्षांच्या जवळ आलेलें अध्यापन आणि तीन भाषा यांपैकीं कांहींही त्या वेळीं कामास येत नव्हतें.

आम्ही खांब झालों होतों.

तो मुलगा सतरा वर्षांनंतर तेथें आठवला. त्याचें नांव आठवलें, त्याचा मोठ्या मापाचा गणवेष आठवला. आणि तो आमच्या तोंडाकडे असा एकटक कां पाहात असे, हेंही तेथेंच कळलें. शब्द कळत नसले म्हणजे माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावर अर्थ शोधतो. तो मुलगा मंद नव्हता. तो सर्व बळ एकवटून आमचा चेहरा वाचीत होता. आणि त्या चेहऱ्यावर त्यास जें वाचावयास मिळालें, तें वाचून तो घरीं गेला.

गाडीनें आम्हांस गोरी नांवाच्या गांवीं नेऊन सोडलें. तेथें सन १८७८ मध्यें स्टालिन जन्मला. त्याच्या नांवाचें संग्रहालय तेथें आहे. आम्हांला तें पाहण्याचें भान नव्हतें. तळाजवळ एक वृद्ध बाई पाव विकत बसली होती. तिकडे "तोने" नांवाची मातीची खोल भट्टी असते. आपल्या तंदूरासारखी तिच्या आंतल्या अंगाला पीठ थापून पाव भाजतात, आणि तो होडीच्या आकाराचा निघतो. आम्हीं एक पाव घेतला आणि पुन्हां तोच मोडका शब्द उच्चारला. बाईला तो लागला नाहीं. आम्हीं हातांनीं क्रूस काढला, हातांनींच कळस काढला. तेव्हां तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला. तिनें पावाच्या कागदी पिशवीचा तुकडा फाडला, कोठून तरी पेन्सिल मागून आणली आणि त्यावर सहा अक्षरें काढलीं. मोठीं, सुटीं सुटीं, बालवाडीच्या मुलासाठीं काढावीं तशीं. मग एकेका अक्षरावर बोट ठेवून ती म्हणूं लागली: म, त्स, ख, ए, त, आ. आणि आम्हीं म्हणावें म्हणून थांबूं लागली. आम्ही तीन वेळां चुकलों. तिसऱ्या वेळीं ती हंसली. त्या हंसण्यानें आम्हांस चौथ्यांदा म्हणण्याचा धीर आला. आमच्या वर्गांत त्या दिवशीं जें हंसूं उठलें होतें, त्यानें एका मुलाची वाचा कायमची बंद केली. दोन्ही हंसूंच, पण एका हंसण्यांत बाई आमच्या बाजूला होती, आणि दुसऱ्यांत आम्ही त्या मुलाच्या विरुद्ध होतों.

तो तुकडा हातांत धरून आम्ही गाड्यांच्या रांगेपुढून चालूं लागलों. पाटीवरचें पहिलें अक्षर कागदावरच्या पहिल्या अक्षराशीं ताडून पाहावें, जुळलें तर दुसरें पाहावें, न जुळलें तर पुढची गाडी. पहिलींतलें मूल बोट ठेवून वाचतें तसें आमचें वाचन चाललें होतें, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं. सातव्या कीं आठव्या गाडीवर सहाही अक्षरें जुळलीं. आम्ही वळून बाईकडे पाहिलें. ती उठून उभी राहिली होती आणि मान हालवीत होती. आम्हांस त्या भाषेंतले दोनचार शब्द येत होते, त्यांपैकीं दोन जोडून आम्ही मोठ्यानें म्हणालों, "मद्लोबा, देदा!" म्हणजे, आभारी आहों, आई. त्या कागदावर पावाच्या पिठाचा डाग आहे. आमच्या पवित्र शास्त्रांत, दयाळू शोमरोन्याची गोष्ट ज्या पानावर आहे, तेथें तो ठेवला आहे.

म्त्स्खेता येथील स्वेतित्स्खोवेली हें प्रार्थनामंदिर सन १०१० ते १०२९ या काळांत बांधलें गेलें. तें पाहून आम्ही दुपारीं समोरच्या टेकडीवरील चर्चकडे गेलों. सुमारें चौदाशें वर्षांपूर्वींचें तें चर्च. त्याचें नांव "ज्वारी". कार्तुली भाषेंत ज्वारी म्हणजे क्रूस. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आम्हांला तें नांव ऐकून घरीं आल्यासारखेंच वाटलें. टेकडीवरून खालीं पाहिलें तर अराग्वी व म्त्क्वारी या दोन नद्या मिळतांना दिसतात. एकीचें पाणी निळसर, दुसरीचें मातकट, आणि मिळाल्यावरही कांहीं अंतर दोन्ही रंग वेगळे वाहतात. आम्ही कठड्यावर बसून उरलेला पाव खाल्ला. बोर्डिंगच्या जेवणघरांतलें तें भोंक, त्यावरचें वडिलांचें बोट आणि खालचें हें वाहतें पाणी, सर्व एकदमच डोळ्यांपुढें आलें. आजूबाजूस कोणी नाहीं असें पाहून आम्ही हळूच म्हणालों, "आबा, येथें दोन नद्या आहेत. रिकामें कांहीं नाहीं." यापेक्षां अधिक बोलवलें नाहीं.

तिब्लिसींत परत आल्यावर जुन्या वस्तूंच्या बाजारांत आम्हीं एक बालबोध पुस्तक विकत घेतलें. त्याचें नांव "देदा एना", म्हणजे मातृभाषा. याकोब गोगेबाश्विली नांवाच्या एका शिक्षकानें तें तयार केलें. पहिली आवृत्ति सन १८७६ मध्यें, देशावर रशियाच्या झारचें राज्य असतां निघाली. तेव्हांपासून पिढ्यान्‌पिढ्या मुलें त्यावरून अक्षरें शिकत आलीं. पुढें सोव्हिएट अमलांत, सन १९७८ मध्यें, जॉर्जियाच्या घटनेंतून कार्तुलीचें राजभाषेचें स्थान काढून टाकण्याचा घाट घातला गेला. १४ एप्रिल रोजीं तिब्लिसीच्या रस्त्यांवर हजारों लोक जमले. त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. सरकारला माघार घ्यावी लागली, आणि आज तो दिवस तेथें मातृभाषेचा दिवस म्हणून पाळतात. तेहतीस अक्षरांसाठीं तुमच्याहून थोड्याच मोठ्या मुलांनीं एका महासत्तेपुढें उभें राहावें, ही गोष्ट वाचून आमचा ऊर भरून आला. आणि लगेच मान खालीं गेली. कारण एका मुलाची मातृभाषा आमच्या वर्गांत सहा महिने उभी होती आणि आम्हीं तिला बसावयास जागा दिली नव्हती.

तिसरें कारण थोडक्यांत सांगतों. निघण्याच्या आदल्या दिवशीं एका चर्चमध्यें थोडें इंग्रजी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. आम्ही भारतांतले, गोव्याच्या शेजारच्या राज्यांतले, हें कळतांच त्यांनीं छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गोवा! केतेवान!" केतेवान ही कॉकेशसमधील काखेती राज्याची राणी. इराणच्या शाह अब्बासानें तिला धर्म बदलण्याची अट घातली. ती तिनें मानली नाहीं, म्हणून सन १६२४ मध्यें शिराज येथें तिचा छळ करून वध करण्यांत आला. पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनीं तिच्या अस्थि गुप्तपणें सांभाळल्या, आणि त्यांचा एक भाग जुन्या गोव्यांतील आपल्या मठांत आणून ठेवला. मठ पुढें ओस पडून ढासळला. भारतीय पुरातत्त्व खात्याला तेथें उत्खननांत अस्थि सांपडल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेंत त्यांची तपासणी होऊन सन २०१३ मध्यें त्या केतेवानच्या असाव्यात हें निश्चित झालें. आणि सन २०२१ च्या जुलै महिन्यांत भारत सरकारनें त्यांचा कांहीं भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला.

हें ऐकतांना आम्ही मनांत ओशाळलों. कारण त्या पडक्या मठांत आम्ही जाऊन आलों होतों! शाळेची सहल घेऊन गेलों असतां त्या उंच, अर्धवट कोसळलेल्या मनोऱ्याखालीं मुलांना दोन रांगांत उभें करून छायाचित्र काढलें होतें, आणि "चला, चला, बस सुटेल" असें म्हणून दहा मिनिटांत बाहेर काढलें होतें. एक परकी राणी जेथें चारशें वर्षें पाहुणी म्हणून निजली होती, तें अंगण आमच्या इतक्या जवळ; पण त्याची ओळख करून देण्यास आम्हांस तिच्या माहेरचा मनुष्य भेटावा लागला. परदेशीं गेल्यानें परदेश कळतो तो थोडा. आपलें घर कळतें तें पुष्कळ.

परत आल्यावर आम्हीं त्या मुलाचा शोध केला. धडगांवकडील एका पाळकसाहेबांच्या मदतीनें एवढें कळलें कीं, तो आतां मोठा झाला असून वर्षांतले आठ महिने गुजरातेंत बांधकामावर असतो, आणि त्याची एक मुलगी शाळेच्या वयाची आहे. आम्हीं त्यास पत्र लिहिलें. चूक कबूल केली आणि क्षमा मागितली. पत्र पोंचलें असें पाळकसाहेबांनीं कळविलें. उत्तर आलेलें नाहीं. तें यावें असा आमचा हक्कही नाहीं. मुलगी मात्र तिकडच्याच शाळेंत जाऊं लागली आहे असें कळतें. ती जेव्हां वर्गांत उभी राहून गप्प राहील, तेव्हां तिच्या शिक्षकांना थोडें थांबण्याची बुद्धि होवो, एवढी आमची प्रार्थना आहे.

आमच्या आतांच्या वर्गांत मात्र एक नियम आम्हीं केला आहे. परगांवाहून, परक्या भाषेंतून कोणी मूल आलें कीं पहिल्या आठवड्यांत आम्हीं त्याला कांहीं विचारावयाचें नाहीं. उलट त्यानें आपल्या भाषेंतले दहा शब्द आम्हां सर्वांना शिकवावयाचे. पाणी, भाकरी, आई, पाऊस, असे दहा शब्द. ते फळ्यावर लिहितों आणि सगळा वर्ग ते म्हणतो, आम्हीही म्हणतों. शिक्षक चुकला कीं त्या मुलाच्या तोंडावर जें हंसूं फुटतें, तें आम्हांस फार आवडतें. गेल्या जून महिन्यांत बिहारहून आलेल्या एका मुलीनें आमच्याकडून एक शब्द पांच वेळां म्हणवून घेतला आणि मगच खालीं बसण्याची परवानगी दिली!

तेव्हां त्या सद्गृहस्थांस आमचें उत्तर असें आहे: साहेब, पतपेढींतून काढलेल्या त्या रकमेंत आम्हांस एक देश पाहावयास मिळाला, हें खरें, परंतु त्यापेक्षां मोठी गोष्ट ही कीं, आम्ही दोन तास पुन्हां निरक्षर झालों. बावीस वर्षें खुर्चीवर बसलेल्या माणसाला तें शिक्षण घरीं मिळालें नसतें. आपल्या मुलाला भूगोल, व्याकरण आणि थोडी माणुसकी शिकविण्याचा पगार आम्ही घेतों. त्या कामाचीं हत्यारें परजण्यास अधूनमधून इतका खर्च येतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकांना पुढें परदेशीं जावयास मिळेल, कित्येकांना मिळणार नाहीं. ज्यांना मिळेल त्यांनीं निघण्यापूर्वीं त्या देशाच्या भाषेंतला "आभारी आहें" हा एक शब्द तरी पाठ करावा, आणि सिमकार्डाचे पैसे वांचवूं नयेत. ज्यांना मिळणार नाहीं त्यांनीं हळहळूं नये. उद्यां शाळा भरल्यावर वर्गांत मागें वळून पाहा. एखाद्या बाकावर कोणी नवें मूल गप्प बसलें असेल, आणि तुमच्या तोंडाकडे टक लावून पाहात असेल. त्याच्याजवळ जा, एक कागद घ्या, आणि त्याला आपलें नांव मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहून दाखवा.